निकोडेमसची पेठ

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, निकोडेमस नावाचं एक चिमुकलं गाव आहे. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांनी यादवी युद्धानंतर पश्चिमेच्या माळावर जी गावं वसवली, त्यांपैकी अजून तग धरून राहिलेलं हे गाव. १९९६ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्यात पाच वास्तू येतात : दोन चर्च, शाळा, टाउनशिप हॉल आणि सेंट फ्रान्सिस हॉटेल. गावाची गोष्ट बहुतेक वेळा जमिनीपासून सुरू होते आणि जमिनीपाशीच संपते. मुक्त झालेला माणूस, त्याची स्वतःची १६० एकर, आणि माळाशी त्याची झुंज. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. निकोडेमस गाव म्हणून का उभं राहिलं आणि पुढे का ओसरलं, हे समजून घ्यायचं तर त्या पाच वास्तूंतलं हॉटेल आधी पाहायला हवं.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा मागता येई. तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहून जमीन कसायची, मग ती नावावर होई. वर किरकोळ शुल्क. आयुष्यभर दुसऱ्याची शेतं कसलेल्या माणसाला या कागदाचं मोल काय वाटलं असेल, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं ते १८७३ साली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक होते, तर खजिनदार डब्ल्यू. आर. हिल हे जागांचा व्यवहार करणारे गोरे गृहस्थ. त्यांच्या पत्रकांवर विश्वास ठेवून त्या सप्टेंबरात केंटकीतून सुमारे तीनशे माणसं एलिस स्टेशनवर उतरली आणि तिथून मजल दरमजल करत माळावर पोचली. तिथे गाव नव्हतंच. उतारात खणलेली भुयारघरं होती आणि त्यांवर फांद्या-मातीचं छप्पर. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण प्रसिद्ध आहे. गाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं, आणि त्यांना रडू कोसळलं. कित्येक कुटुंबं आल्या पावली परतली. जी राहिली, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे ना घोडा होता ना नांगर. माळावर पडलेली रानगव्यांची हाडं वेचून विकणं हाही तेव्हा कमाईचा एक मार्ग होता.

म्हणजे जमीन मिळाली, तरी गाव झालं नव्हतं. आपल्याकडे जुन्या दप्तरांत मौजा आणि कसबा असा भेद असे, आणि कसब्याला पेठेमुळे वजन येई. निकोडेमसमध्ये त्या पेठेची सुरुवात झॅकरी फ्लेचर यांच्यापासून झाली. ते १८७७ च्या पहिल्या वसाहतकऱ्यांपैकी होते आणि टाउन कंपनीच्या चिटणीसपदाचं कामही पाहत. स्मिथ यांची मुलगी जेनी ही त्यांची पत्नी. १८८० च्या सुमारास फ्लेचर यांनी सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि घोड्यांचा तबेला सुरू केला. पोस्टाचं काम याच कुटुंबाकडे होतं, आणि गावातल्या पहिल्या शिक्षिका जेनीबाईच. घोडागाडीचा थांबाही या घराशीच. पत्र आणायला आलेल्या शेतकऱ्याला बाजाराची खबर मिळावी, मुक्कामाला उतरलेल्या परक्याकडून रोकड गावात यावी, पोरांनी तिथेच अक्षरं गिरवावीत, असं ते घर. एकमेकांपासून लांब विखुरलेल्या शेतांना जोडणारी गाठ ती हीच. शेतकऱ्याकडे धान्य असेलही, पण पोस्ट, उधारी आणि तबेला नसेल तर पाच वर्षांची अट पुरी होईपर्यंत तो टिकणार कशाच्या बळावर? जमिनीच्या कागदपत्रांची कामं करणारे एडवर्ड मॅककेब इथूनच पुढे आले आणि १८८२ साली राज्याच्या हिशेब तपासनीसपदी निवडून आले. १८८० च्या दशकाच्या मध्याला गावात दुकानं होती, बँक होती, दोन वर्तमानपत्रं निघत होती आणि बेसबॉलचा संघही होता.

आणि घाव बसला तोही याच पेठेवर. १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक रेल्वे यावी म्हणून इथल्या मतदारांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी भुयारात राहणाऱ्या लोकांनी ही रक्कम कबूल करावी, यातच त्यांचा विश्वास दिसतो. रेल्वे मात्र आली नाही. युनियन पॅसिफिकचा मार्ग १८८८ मध्ये नदीपल्याडून गेला, तिथे बोग हे गाव उठलं आणि निकोडेमसचे व्यापारी दुकानं उचलून तिकडे गेले. शेतकरी कुटुंबं मात्र जागा धरून राहिली.

यावर कुणी म्हणेल, शंभराव्या रेखांशाजवळचा हा बेभरवशाच्या पावसाचा पट्टा. रेल्वे आली असती तरी हे गाव सुकलंच असतं. दुष्काळाने आणि १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी पुष्कळांना हुसकावलं, हे नाकारता येत नाही. पण पाऊस बोगवरही निकोडेमसइतकाच पडत होता. बाजार तिकडे सरकला तो रुळांमुळे. दुसरा आक्षेप असा की रेल्वेने गोऱ्यांचीही कितीतरी गावं ओस पाडली. तेही बरोबर, म्हणून रेल्वेचा प्रत्येक निर्णय वर्णद्वेषाच्या खाती टाकणं मला पटत नाही. फरक पडतो तो मागच्या पुंजीत. ज्यांच्या आईबापांना कमाई साठवण्याची मुभाच नव्हती, त्यांना एक पेठ मोडल्यावर दुसरी मांडायला भांडवल कुठून येणार? तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे : ही ‘मोकळी’ जमीन मोकळी नव्हती, ती मूळनिवासींकडून काढून घेतलेली होती. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते असल्याचा आव आणणं बरंही नाही. १८७७ च्या त्या पहिल्या हिवाळ्यात इथल्या भुकेल्या लोकांना अन्न दिलं ते शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी, ज्यांना काही वर्षांपूर्वीच कॅन्ससमधून हलवण्यात आलं होतं. निकोडेमसच्या परिचयात ही नोंद तळटीप म्हणून नव्हे, मजकुरात यायला हवी.

पोस्ट १९५३ साली बंद झालं. फ्लेचर यांचं हॉटेल पुढे स्विट्झर कुटुंबाचं घर झालं. १९३९ साली चुनखडीच्या दगडात बांधलेल्या टाउनशिप हॉलमध्ये आता पाहुण्यांना माहिती मिळते. कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पण दर वर्षी जुलैच्या अखेरीस, मुक्तिदिनाच्या जुन्या उत्सवाच्या निमित्ताने, मूळ कुटुंबांचे वंशज देशभरातून इथे जमतात, आणि त्या तीन-चार दिवसांत निकोडेमसच्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा पुरत नाही.