उजव्या रस्त्यावर उजव्या हाताची गाडी



बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर साखर कारखान्यांच्या हंगामांत ज्यानें मोटार हांकली असेल, त्याला आजचा विषय समजावयास अडचण पडणार नाहीं. भवानीनगर सोडलें कीं पुढें उसानें शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चाललेला असतो. त्याला मागें टाकावयाचें असेल तर आपण काय करतों? गाडी किंचित् उजवीकडे सरकवितों, मान थोडी कलवितों, समोरचा रस्ता मोकळा आहे असें पाहतों आणि पुढें निघतों. आपण गाडींत उजव्या बाजूस बसलों आहों म्हणूनच हें साधतें, हा विचार मात्र आपल्या मनांत कधीं येत नाहीं.

आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालतें आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे तो नेहमीं रस्त्याच्या मध्याकडे असतो. फ्रान्स, जर्मनी, अमेरिका या देशांत वाहनें उजवीकडून चालतात, म्हणून तेथें चालक डावीकडे बसतो. दोन्ही पद्धतींचें तत्त्व एकच आहे: चालकाचा डोळा रस्त्याच्या मध्याजवळ असावा. एका पद्धतीची गाडी दुसऱ्या पद्धतीच्या देशांत नेली म्हणजे हें तत्त्व मोडतें. चालक रस्त्याच्या कडेला पडतो, आणि जो डोळा त्याला हवा तो शेजाऱ्याच्या कपाळावर जाऊन बसतो.

आपल्यास हा प्रसंग घराजवळ येत नाहीं. गोव्यांत पोर्तुगिजांचें राज्य असतांनाही येत नव्हता. पोर्तुगालनें १९२८ सालीं डावी बाजू सोडून उजवी धरली. परंतु गोव्याच्या तिन्ही अंगांस डावीकडून चालणारा मुलूख असल्यामुळें तेथें डावीच बाजू राहिली. मला स्वतःला हा अनुभव मिळाला तो गतवर्षीं, फ्रान्समध्यें.

माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. तेथें आपल्यासारखीच डावी बाजू आहे. सुटींत त्यानें एक फिरतें घर भाड्यानें घेतलें. त्यास तिकडे कॅम्परव्हॅन म्हणतात. आंत निजावयाच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टांकी, असा सगळा संसार. आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि नातू अशीं पांच माणसें १९९४ सालीं सुरू झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यांतून, गाडीसकट आगगाडींत बसून, पलीकडे कॅलेला उतरलों.

निघण्यापूर्वीं मुलानें पुढच्या दिव्यांच्या कांचांवर ठराविक जागीं चिकटपट्ट्या लावल्या. इंग्लंडांतील गाडीचा दिवा मंद केला असतां त्याचा झोत डाव्या कडेकडे झुकतो. उजव्या रस्त्यावर तोच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. टोलनाक्यावर खिडकी डावीकडे येई, तेव्हां तिकीट घेण्याचें काम माझें. घराचें दारही डावीकडे. म्हणजे इंग्लंडांत तें पदपथाकडे उघडे, येथें भर वाहत्या रस्त्याकडे. गाडी थांबली कीं सूनबाई प्रथम नातवाचा हात धरी. या अडचणी ध्यानांत येण्यासारख्या होत्या, आणि आल्याही. जी आली नाहीं ती आतां सांगतों.

दुसऱ्या दिवशीं नॉर्मंडीतील एका दुपदरी रस्त्यावर आमच्या पुढें वाळल्या गवताचे भारे नेणारा ट्रॅक्टर लागला. जणूं सणसरचाच रस्ता! मुलगा गाडीच्या उजव्या अंगास. त्याला दिसत होती केवळ रस्त्याची कड आणि गवत. पुढें काढावयाचें होतें डावीकडून, आणि डावीकडे बसलों होतों मी. त्यानें विचारलें, "आबा, आहे का?" दुरून एक मालमोटार येतांना मला स्पष्ट दिसत होती. मी म्हणालों, "आहे." आणि त्यानें गाडी डावीकडे घातली!

त्याच्या प्रश्नाचा अर्थ 'जागा आहे का' असा होता. माझ्या उत्तराचा अर्थ 'मोटार आहे' असा होता. मी ओरडलों. त्यानें ब्रेक दाबून गाडी पुन्हां ट्रॅक्टरच्या मागें घेतली. मालमोटार भोंगा वाजवीत निघून गेली. नातवाची पाण्याची बाटली खालीं पडली, त्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. परंतु पुढें बराच वेळ कोणी बोललें नाहीं. अडतीस वर्षें मीं मुलांना वाक्यपृथक्करण शिकविलें. कर्ता अध्याहृत असला तरी संदर्भानें समजतो, असें सांगत आलों. त्या रस्त्यावर अध्याहृत कर्त्यानें आम्हां पांच जणांचा घात केला असता.

त्या रात्रीं आम्ही नियम ठरविले. मुलानें 'रस्ता मोकळा आहे का?' असें पूर्ण वाक्य विचारावयाचें. मीं दोनच उत्तरें द्यावयाचीं: 'मोकळा' किंवा 'थांब'. संशय असेल तर 'थांब'. मीं 'मोकळा' म्हटलें तरी त्यानें एकदम गाडी बाहेर काढावयाची नाहीं. पुढील वाहनास चिकटून राहिलें कीं तें डोळ्यांपुढें भिंतीसारखें उभें राहतें; अंतर वाढविलें कीं त्याच्या कडेनें रस्ता दिसूं लागतो. म्हणून प्रथम मागें राहावयाचें, मग किंचित् डावीकडे सरून स्वतः पाहावयाचें, आणि मगच निर्णय करावयाचा. शेजाऱ्याचा डोळा उसना घेतां येतो. जबाबदारी उसनी देतां येत नाहीं. आणि घाई नसेल तर पुढें काढूंच नये.

दुसरा धोका संवयीचा. गर्दीच्या रस्त्यावर चूक होत नाहीं, कारण चोहोंकडचीं वाहनें आपल्यास वाट दाखवितात. वर्तुळाकार चौकांत उलट्या दिशेनें फिरावें लागतें आणि प्रथम डावीकडे पाहावें लागतें. पण तेथें मन जागें असतें. चूक होते ती निर्मनुष्य जागीं. चौथ्या दिवशीं सकाळीं एका शेतवाडींतून बाहेर पडतांना मुलानें निवांतपणें डावी बाजू धरली. रस्त्यावर चिटपाखरूं नव्हतें. मागून त्याची आई म्हणाली, "बाळ, आपण घरीं आलों का?" तेव्हां तो भानावर आला.

स्वीडन देशाचा दाखला येथें बोलका आहे. तेथें गाड्यांत चालक डावीकडे बसे आणि वाहनेंही डावीकडूनच चालत. म्हणजे आमचीच अडचण, आरशांत पाहिल्यासारखी. ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहांटे पांच वाजतां साऱ्या देशानें बाजू बदलली. आरंभीं अपघात घटले, कारण जो तो जपून होता. पुढें संवय जडली आणि अपघात पूर्वपदावर आले. म्यानमारनें १९७० सालीं उजवी बाजू धरली. पण उजव्या हाताच्या गाड्या पुढें कित्येक वर्षें तेथें धांवतच राहिल्या. इंग्लंडहून एकटीनें मोटार हांकीत निघालेल्या, महाडशीं सासरचें नातें असलेल्या भारुलता कांबळे २०१६ सालीं त्याच म्यानमारमार्गें मणिपुरांत उतरल्या. त्यांना 'थांब' म्हणावयास शेजारीं कोणी नव्हतें, हें आठवलें म्हणजे त्यांच्या सावधपणाची कल्पना येते.

आपल्यांपैकीं अनेकांचीं मुलें आज परदेशीं आहेत, आणि आईबापांना गाडींतून हिंडविण्याची त्यांना हौस असते. ज्यांना स्वतः गाडी हांकावयाची असेल त्यांनीं येथील परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. तो फार तर एक वर्ष चालतो. ज्यांना केवळ शेजारीं बसावयाचें आहे, त्यांना परवाना लागत नाहीं. तरी इंग्लंडची गाडी घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर उतरणार असाल, तर डावीकडच्या आसनावर डुलकी घेऊं नका, आणि बोलाल तें पूर्ण वाक्यांत बोला.