परदेशी स्वयंसेवक आणि शेतकऱ्याचे घर

परमुलखातील तरुण मंडळी काही आठवड्यांसाठी अथवा महिन्यांसाठी आपल्या देशात येतात, एखाद्या कुटुंबात राहतात आणि पगार न घेता शाळेत, दवाखान्यात किंवा शेतात काम करतात, ही गोष्ट आता वाचकांस अपरिचित राहिलेली नाही. असा मनुष्य दारी आला असता त्याचे आगतस्वागत कसे करावे हे आपल्या लोकांस शिकवावे लागत नाही. परंतु स्वागताचे चार दिवस सरल्यावर त्यास घरात कोणते स्थान द्यावे, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. पालघर, बोईसर व तारापूर या आमच्या मुलखात जे पाहण्यात आले, त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

परदेशी माणूस या किनाऱ्यास नवा नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने उभे राहिले व १९६९ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली. त्या कामासाठी आलेले परदेशी लोक पगारी तज्ज्ञ होते. काम संपले, ते परत गेले. स्वयंसेवकाची गोष्ट निराळी. तो आपल्या चुलीजवळ बसतो, म्हणून त्याचा संबंध आपल्या घराच्या रीतीभातींशी येतो.

अशा स्वयंसेवकांची मोठी लाट आपल्या देशात प्रथम आली ती अमेरिकेच्या 'पीस कोअर' या सरकारी योजनेमुळे. अध्यक्ष केनेडी यांनी ती १९६१ साली सुरू केली व त्याच वर्षी तिची पहिली तुकडी हिंदुस्थानात उतरली. १९७६ पर्यंत शेती, कोंबडीपालन, आरोग्य इत्यादी कामांसाठी चार हजारांहून अधिक माणसे येऊन गेली. त्यांपैकी एक बाई मुंबईनजीक विक्रोळी येथे होत्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. जॉर्जिया प्रांतातील भुईमूग पिकविणाऱ्या घराण्यातील ही विधवा परिचारिका १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, येथे आली. प्रथम कुटुंबनियोजनाचे व पुढे दवाखान्यातील रुग्णसेवेचे काम त्यांनी १९६८ पर्यंत केले. पुढे १९७७ साली त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी त्या हिंदुस्थानात आल्या, तेव्हा विक्रोळीस जाऊन जुन्या मंडळींस भेटल्या. ज्या ठिकाणी मनुष्य केवळ पाहुणा म्हणून राहतो, तेथे नऊ वर्षांनी परतण्याची ओढ सहसा उरत नाही. ती ओढ सोबत केलेल्या कामातून येते.

शेतीपुरता दुसरा प्रघात इंग्लंडात १९७१ साली सू कॉपर्ड या बाईंनी पाडला. तो 'वूफ' या संक्षिप्त नावाने जगभर पसरला आहे. स्वयंसेवकाने सेंद्रिय शेतावर दिवसाचे चार ते सहा तास काम करावे, शेतकऱ्याने त्यास जेवण व निवारा द्यावा, आणि पैशाचा व्यवहार मुळीच नसावा, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे. यात शेतकरी हा शिक्षक मानला जातो, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आमच्या सरहद्दीपलीकडे, उंबरगाव तालुक्यातील देहरी येथे कै. भास्करराव सावे यांची 'कल्पवृक्ष' वाडी आहे. जपानचे नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते मासानोबु फुकुओका यांनीही ती येऊन पाहिली. दूरदेशीचे लोक तेथे येत ते पाहण्यास व शिकण्यास.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. बोईसरपासून थोड्या अंतरावर आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. तेथे एका पावसाळ्यात युरोपातील एक तरुणी राहावयास आली. सकाळी गावच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवावे व उरलेल्या वेळी घरच्यांसोबत असावे, अशी योजना होती. पहिला आठवडा सर्वांस जड गेला. तिच्यासाठी पाण्याच्या बाटल्या विकत आणल्या, खुर्ची निराळी ठेवली, जेवण बिनतिखटाचे वेगळे शिजविले. ती उठली की तिला बसविण्यात येई. घरची सून पहाटे साडेपाचला उठून दोन स्वयंपाक करी आणि रात्री अकराला अंथरुणास पाठ टेके. तिकडे पाहुणीसही ओशाळल्यासारखे होई. आदरातिथ्याचा मान यजमानाच्या नावावर जमा होतो आणि त्याचा भार बायकांच्या खाती पडतो, हे आपण सहसा पाहत नाही.

हा पेच घरच्या आजीबाईंनी सोडविला. त्यांनी एके सकाळी मुलीच्या हाती सूप दिले आणि तांदूळ निवडावयास बसविले. त्या दिवसापासून दिनक्रम पालटला. ती पहाटे उठून गोठ्यातील शेण काढू लागली. घरच्या चहासोबत तांदळाची भाकरी खाऊ लागली. वालाचे बिरडे तिला मानवले. सुक्या बोंबिलाचा वास सोसण्यास पंधरा दिवस लागले, पुढे तेही ती आवडीने मागू लागली. पाणी सर्वांनीच उकळून प्यावे असे ठरले व त्याचा लाभ घरच्या लहान मुलांस झाला. यजमानीणबाईंस ती 'काकू' म्हणे. काकूंनी तिला मराठी शब्द शिकवावे व तिने काकूंच्या मुलांचा अभ्यास घ्यावा, असा संध्याकाळचा परिपाठ पडला.

पुढे आवणी आली, आणि तिजबरोबर खरा प्रश्न उभा राहिला. मुलीने शेतात उतरण्याची इच्छा दर्शविली. चिखलात पाय रोवून, वाकून, राबातील रोपांच्या मुठी सोडवीत ती लावू लागली. घरचा कॉलेजात जाणारा मुलगा बांधावर उभा राहून हे पाहत होता. तोही तिसऱ्या दिवशी खाली उतरला. यजमानांच्या मनात सहज आले की आणखी एक हात फुकट मिळाला, तर उद्या एक बाई कमी सांगावी. हे शब्द कानी पडताच आवणीस आलेल्या वारली बायांपैकी एक वयस्क बाई म्हणाली, "ताई आमच्या ओळीत लावू दे, पण आमची ओळ तोडू नका."

या वाक्यात या जिल्ह्याचा इतिहास आहे. ज्या मुलखात सावकार व जमीनदार आदिवासींकडून वेठ घेत, त्याच मुलखात २३ मे १९४५ रोजी तलासरीनजीक झरी गावी हजारो वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली त्यांनी वेठीस नकार दिला. बिनमोबदल्याचे काम हा शब्द येथे निर्दोष नाही. स्वयंसेवक आपखुशीने राबतो, मजूर पोटासाठी राबतो. पहिल्याचा उत्साह दुसऱ्याच्या रोजीत वजा होऊ लागला, तर ती सेवा राहत नाही. यजमानांनी ते ओळखले व ठरलेल्या सर्व बायांस अखेरपर्यंत बोलाविले. आवणी दोन दिवस आधी उरकली, तरी मजुरी ठरल्याप्रमाणे पुऱ्या दिवसांची दिली.

महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे कागदोपत्रांविषयीही दोन शब्द सांगणे आम्हांस अवश्य वाटते. परदेशी व्यक्ती घरी मुक्कामास आली की चोवीस तासांच्या आत तिची नोंद विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे करणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. १९४६ च्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली, तरी हे बंधन सुटलेले नाही. तिचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे व त्यावर स्वयंसेवा चालते की नाही, हे येण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. पर्यटनाच्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. अणुवीज केंद्राच्या परिसरात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, हे पाहुण्यास पहिल्याच दिवशी सांगावे. समुद्रावर फिरावयास गेलेल्या निष्पाप माणसाची उगाच चौकशी होऊ नये.

सारांश, परदेशी स्वयंसेवकास देव्हाऱ्यात बसवू नये व बैलाच्या जागी जुंपूही नये. घरच्या लेकरास जी भाकरी, तीच त्यास द्यावी. घरच्या लेकरास जे काम सांगू, तेच त्यासही सांगावे. त्याच्यासाठी वाढलेले काम घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावे. आणि त्याच्या हातून जे काम होईल, त्यापायी कोणाही मजुराचा एक दिवस बुडू देऊ नये. ज्या शेतकरी बंधूंच्या घरी येत्या हंगामात असा पाहुणा येणार असेल, त्यांनी आवणीची माणसे सांगण्यापूर्वी या गोष्टींचा विचार करावा, इतकीच आमची विनंती आहे.