चलान गाडीवर फाटतं, पण लायसन कुणाचं अडकतं?

मागच्या भागानंतर वाडीहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वय चोवीस, दहा चाकी चालवतो. म्हणाला, "दादा, चलान फाटलं का मालक म्हणते, तू टेन्शन नको घेऊ, मी भरून टाकतो. मंग माह्या लायसनचं काय?"

हा प्रश्न आपल्या नागपुरात खूप जणांचा असणार. श्रीनगर-कन्याकुमारी आणि सुरत-पारादीप हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग इथेच एकमेकांना भेटतात. वर समृद्धी आहे, कोराडी-खापरखेड्याची राख आहे, कळमन्याचा माल आहे, बुटीबोरी आहे. आरटीओचं वायुवेग पथक नाहीतर ट्रॅफिक पोलीस कुठेतरी हात दाखवणारच.

तर आधी एक समजून घेऊ. सरकारकडे दोन वेगवेगळी खाती आहेत. 'वाहन' नावाच्या प्रणालीत गाडीची माहिती असते: मालक, फिटनेस, परमिट, पीयूसी. 'सारथी'त लायसनची, म्हणजे तुमची. कॅमेऱ्याला फक्त नंबर प्लेट दिसते, स्टिअरिंगवर कोण बसलंय ते दिसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर, मालकाच्या मोबाइलवर जातं. मागचा लाइट बंद, रिफ्लेक्टर टेप निघालेली, फिटनेस संपलेलं, हा प्रकारही मुळात गाडीचा. पण रस्त्यावर थांबवून लायसन हातात घेतलं, की माणूस सापडला.

आता ती 'मालक भरतो' वाली गोष्ट. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तडजोड शुल्क भरून गुन्हा मिटवायची सोय कलम 200 मध्ये आधीपासून होती. दुरुस्तीनं त्यात दोन अटी घातल्या. एक, शुल्क भरलं तरी तो 'पहिला गुन्हा' म्हणून मोजला जातो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही 'दुसऱ्यांदा' पकडले गेलेले असता. दोन, शुल्क भरल्यानं लायसन जप्तीची कारवाई किंवा रिफ्रेशर ट्रेनिंगची सक्ती टळत नाही. थोडक्यात काय, मालकाचे पैसे मालकाची बाजू मिटवतात. तुमची नाही. हे कुणी सांगतच नाही राव, आणि माझा खरा राग तिथे आहे.

वेगाचंच घ्या. जड वाहनाला पहिल्यांदा 2,000 ते 4,000 रुपये दंड, आणि दुसऱ्यांदा सापडलात की थेट लायसन जप्त. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा असली तरी ट्रकला 80 चीच आहे. रिकामा रस्ता बघून पाय दाबायचा मोह होतो, मान्य आहे.

ओव्हरलोडचा हिशेब आणखी वाईट. दहा चाकी ट्रकला मालासकट 28.5 टनांची मर्यादा आहे. काट्यावर 32.5 भरले, म्हणजे 4 टन जास्त. कायद्यात 20,000 रुपये मूळ दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. झाले 28,000. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलत नाही. काटा टाळून पळालात तर 40,000. माल कुणी भरायला लावला? मालकानं किंवा ट्रान्सपोर्टरनं. कायदा चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघांनाही धरतो. पण 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं, की अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू, गाडी चालवताना मोबाइल, मालगाडीत ओव्हरलोड आणि मालगाडीत माणसं बसवणं, यासाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा. आता लायसन तर ड्रायव्हरकडेच असतं ना? ट्रिपवर पैसे मिळणाऱ्या माणसाला तीन महिने घरी बसवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

त्या काळात 'कोण बघतंय' म्हणून गाडी काढली, तर 10,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी 'ड्रायव्हर अपात्र होता' म्हणून भरपाई मालकाकडून वसूल करायला बघते. मग मालक तुम्हाला कामावर ठेवेल का? आणि ऑक्टोबर 2020 पासून निलंबित-रद्द लायसनची नोंद पोर्टलवर तारखेनुसार ठेवायची, असा नियम आहे. गाव बदललं, मालक बदलला, तरी ती नोंद तुमच्यासोबत येते.

अमेरिकेत जरा वेगळं आहे. तिथे रस्त्यावरच्या तपासणीची 3 वर्षांची आणि अपघातांची 5 वर्षांची नोंद ड्रायव्हरच्या नावानं असते, आणि नवी कंपनी त्याच्या परवानगीनं ती बघू शकते. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली: काहीच दोष न निघालेली तपासणीही त्यात दिसते. आपल्याकडे सगळं नीट असलं की साहेब म्हणतात, "चल, जा." बस.

मग करायचं काय? चलान फाटताना विचारा, "साहेब, लायसन नंबर टाकला का?" कॉपीचा फोटो काढून ठेवा. महाराष्ट्राच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाकले की गाडीची चलानं दिसतात. पण तिथेच थांबू नका. परिवहनच्या साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून आपल्या लायसनचं स्टेटसही बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आरटीओला बंधनकारक आहे. नोटीस आली की जा. काट्याची पावती, बिल्टी, मालकाचा 'भर अजून' वाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, जे असेल ते घेऊन जा. आदेश निघालाच, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. फक्त नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर जाते, आणि तुम्ही असता कापसीच्या ट्रक टर्मिनलवर. म्हणून सारथीत पत्ता आणि मोबाइल नंबर कोणता आहे ते आजच तपासा. जुनं सिम असेल तर आधी ते बदलून घ्या.