अशनी: दगड आणि त्याची नोंद

अवकाशातला खडा वातावरणात शिरून तापला की जी प्रकाशरेघ दिसते ती उल्का. त्यातून जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर पोहोचतो तो अशनी. शहराबाहेरच्या अंधाऱ्या आकाशात तासाभरात चार-दोन उल्का कुणालाही दिसतात. अशनी मात्र फार थोड्यांच्या हाती लागतो. जगभरात आजवर सत्तर हजारांहून अधिक अशनींची रीतसर नोंद झाली आहे. त्यांतले पडताना दिसले आणि मग सापडले, असे बाराशेच्या थोडे वर आहेत. बाकीचे बहुतेक अंटार्क्टिकाच्या बर्फावर किंवा सहारा, ओमान यांसारख्या वाळवंटांत नंतर वेचलेले आहेत.

पडताना दिसलेल्या अशनींमध्ये सुमारे ९४ टक्के पाषाणी असतात, पाच टक्क्यांच्या आसपास लोखंड-निकेलचे आणि उरलेले दोहोंच्या मिश्रणाचे. पाषाणी अशनींतही बहुसंख्य 'कॉन्ड्राइट' जातीचे असतात. त्यांच्यात कॉन्ड्रूल नावाचे मिलिमीटरभर आकाराचे गोल कण दिसतात. सूर्यमाला घडत असतानाच्या धुळीतून हे कण वितळून थिजले. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीतील पांढुरक्या कणांसारख्या पदार्थावरूनच सूर्यमालेचे वय ४५६ कोटी वर्षांच्या पुढे ठरवता आले.

आकाशातून दगड पडतात, हे मान्य होईपर्यंत

जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात १६२१ सालच्या एका घटनेची नोंद आहे. जालंधरजवळ मोठा आवाज करत आकाशातून तप्त लोखंड पडले. ते खणून दरबारात आणले गेले आणि तीन भाग हे लोखंड व एक भाग साधे लोखंड मिसळून त्याच्या तलवारी, खंजीर आणि सुरी घडवण्यात आली. त्यांतली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

युरोपातले विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत अशा हकिकतींना गावगप्पा समजत. जर्मन पदार्थवैज्ञानिक अर्न्स्ट क्लाडनी याने १७९४ मध्ये हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले, तेव्हा त्याची थट्टा झाली. पुरावा मिळाला त्यात बनारसचाही वाटा होता. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ दगडांचा वर्षाव झाला. त्यांतले नमुने इंग्लंडला गेले आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने इतर ठिकाणच्या 'आकाशातल्या' दगडांसोबत त्यांचे पृथक्करण केले. दूरदूरच्या या दगडांची घडण सारखी निघाली आणि त्यांच्या लोखंडात निकेल सापडले. हा निष्कर्ष १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी २६ एप्रिलला फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती हजारो दगड पडले. झां-बातिस्त बियो याने गावोगाव फिरून साक्षी आणि दगड जमवले, आणि वाद मिटला. अशनी गोळा करण्याची पद्धतही तेव्हाच रुळली: दगडाबरोबर जागा, वेळ आणि पाहणाऱ्यांचे म्हणणे.

भारतातले अशनी

२५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीत सुमारे पाच किलोचा दगड पडला. इंग्रजी कागदपत्रांतले गावाचे नाव 'शेरगॉटी'. त्यावरून अशनींच्या एका गटाला 'शेरगॉटाइट' हे नाव पडले. अंटार्क्टिकात सापडलेल्या याच गटातल्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू व्हायकिंग यानाने मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळला, आणि हे दगड मंगळावरून आल्याचे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. शेरघाटीचा दगड शंभराहून अधिक वर्षे जपला गेला नसता, तर या शोधानंतर तो पुन्हा तपासता आला नसता.

महाराष्ट्रातले अलीकडचे ठळक उदाहरण नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी मोठे आवाज झाले आणि काटोल परिसरात दगड पडले. सुमारे १३ किलो तुकडे गोळा झाले. वर्गीकरण 'एल-६', म्हणजे कमी लोखंडाचा, मूळ लघुग्रहावर बराच तापलेला कॉन्ड्राइट. ही जात मुळीच दुर्मीळ नाही. तरीही खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये या दगडातल्या काळ्या, वितळून थिजलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात साडेसहाशे किलोमीटरांखाली हे खनिज विपुल आहे. पण तिथून ते वर येताना टिकत नाही. काटोलच्या दगडात ते लघुग्रहांच्या टकरीच्या दाबाने तयार झाले होते.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर हा आघाताचा पुरावा आहे, अशनीचा नव्हे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये पडलेले आहे. आघाताने काच झालेली खनिजे तिथे मिळतात. आदळलेल्या अशनीचे तुकडे मिळालेले नाहीत. लोणारचा 'अशनी' म्हणून विकला जाणारा खडा त्यामुळे संशयास्पदच मानावा.

ओळख

महाराष्ट्राची बरीचशी जमीन काळ्या बेसॉल्टची. तो जड असतो, त्यात मॅग्नेटाइट असल्याने लोहचुंबकाला थोडाफार ओढलाही जातो. त्यात साखर कारखान्यांच्या भट्टीतले राखेचे गोळे, वीटभट्टीचा झामा आणि ओतकामाचा कीट यांची भर पडते. 'अशनी सापडला' म्हणून येणाऱ्या दगडांत असलेच दगड अधिक असतात.

ताज्या पाषाणी अशनीवर काळी, मंद चकाकीची, मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ साल असते. कोपरे गोलसर होतात. मोठ्या तुकड्यांवर, विशेषतः लोखंडी अशनींवर, ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे पडतात. तुटलेल्या बाजूला आतला रंग बहुधा राखी असतो. त्या बाजूचा नखाएवढा भाग कानशीने घासला तर चंदेरी धातूचे ठिपके चमकतात, आणि बारकाईने पाहिल्यास गोल कॉन्ड्रूल दिसतात. दगडाला बुडबुड्यांची भोके असतील तर तो बहुधा कीट किंवा लाव्हा. बिनचकाकीच्या फरशीवर घासून तांबूस रेघ उमटली तर तो हेमॅटाइट.

जोरकस लोहचुंबक लावण्याची सवय मात्र घातक आहे. अशनीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण राहिलेली असते आणि निओडिमियम चुंबकाचा एक स्पर्श ती पुसून टाकतो. 'ब्लॅक ब्युटी' या मंगळीय अशनीच्या अनेक तुकड्यांची ही खूण अशीच गेल्याचे २०२३ मध्ये दाखवून देण्यात आले. तपासणीसाठी होकायंत्राची सुई पुरते.

उल्कांच्या बातम्या

ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव महाराष्ट्रात बहुतेकदा ढगांआड जातो; १३-१४ डिसेंबरचा मिथुन उल्कावर्षाव निरभ्र आकाशात मिळतो. असे वर्षाव पाहण्यासाठी उत्तम, पण त्यांतून अशनी मिळत नाहीत. त्यांतले कण बारीक आणि ठिसूळ असतात, ते वरच जळून जातात. अशनी देतात ते एकटेदुकटे अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का.

अग्निगोल साधारण २०-३० किलोमीटर उंचीवर विझला, तर त्याचे तुकडे जमिनीपर्यंत येण्याची शक्यता असते. पुढचा प्रवास अंधारातला: तुकडे मंदावतात, वाऱ्याने भरकटतात आणि लांबट पट्ट्यात विखुरतात. जड तुकडे पट्ट्याच्या पुढच्या टोकाला पडतात. स्फोटासारखा आवाज प्रकाशानंतर मिनिट-दोन मिनिटांनी आला, तर घटना जवळची. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्रामच्या अशनीची कक्षा पहिल्यांदा छायाचित्रांवरून काढली गेली. आज फ्रान्स, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत कॅमेऱ्यांची जाळी हे काम रोज करतात, आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटना सामान्य माणसांकडून अग्निगोलांची निरीक्षणे स्वीकारते. निरीक्षणात हवी ती माहिती थोडकी: उभे राहिल्याची जागा, वेळ, सुरुवात आणि शेवट कोणत्या दिशेला व किती उंचीवर, किती सेकंद, आवाज आला का.

पडण्याआधीच बातमी मिळण्याचे प्रसंगही आता येतात. ६ ऑक्टोबर २००८ रोजी दिसलेला '२००८ टीसी३' हा लघुग्रह वीसेक तासांत सुदानच्या वाळवंटावर फुटला; खार्टूम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी रांगा करून वाळू धुंडाळली आणि शेकडो तुकडे वेचले. २१ जानेवारी २०२४ रोजी बर्लिनजवळ असाच एक लघुग्रह पडला. शोधणाऱ्यांना दगड लवकर दिसेनात, कारण ते ऑब्राइट या दुर्मीळ जातीचे होते आणि त्यांना नेहमीची काळी साल नव्हती. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमधील दियोदर तालुक्यात पडलेला अशनी याच जातीचा आहे.

प्रत्येक जळती रेघ उल्का नसते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागात सावकाश सरकणारे पेटते तुकडे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे व गोळे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. कक्षेतून परतणारा असा कचरा सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने येतो, म्हणून बराच वेळ दिसतो. उल्का ११ ते ७२ किलोमीटरच्या वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते.

संग्रह, बाजार आणि कायदा

भारतात पडलेल्या अशनींचे अधिकृत जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो. त्यामुळे इथला छांदिष्ट बहुधा परदेशी नमुन्यांचाच संग्रह करतो. नियम देशागणिक वेगळे आहेत: अमेरिकेत खासगी जमिनीवरचा अशनी जमीनमालकाचा, ऑस्ट्रेलियातून परवान्याशिवाय तो बाहेर नेता येत नाही.

सुरुवातीला सहसा अर्जेंटिनाचा काम्पो देल सिएलो, १९४७ साली रशियात पडलेला सिखोते-आलिन किंवा सहारातला एखादा साधा कॉन्ड्राइट घेतला जातो. लोखंडी अशनीचा काप गुळगुळीत करून सौम्य नायट्रिक आम्लाने कोरला, की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. लाखो वर्षांत काही अंशांनी निवणाऱ्या धातूतच ती तयार होते, म्हणून तिची नक्कल प्रयोगशाळेत जमत नाही.

दुसऱ्या टोकाला लिलाव आहेत. नायजरमध्ये सापडलेला २४.६७ किलोचा मंगळीय अशनी जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला, आणि तो देशाबाहेर गेला कसा याची चौकशी नायजर सरकारने सुरू केली.

किंमत ठरते ती जात, वजन आणि कागदांवर. अशनीला अधिकृत नाव 'मीटिओरिटिकल सोसायटी'ची समिती देते. त्यासाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांतला जो कमी असेल तो, मान्य संस्थेत ठेवावा लागतो. खरेदी करताना हे नाव, वजन आणि आधीच्या मालकांच्या चिठ्ठ्या मागाव्यात. जुनी चिठ्ठी फेकून नवी लावू नये.

कोकणातल्या आणि मुंबईच्या हवेत लोखंडी अशनी पावसाळ्यात गंजतात. क्लोराइडमुळे गंज आतून पसरतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि वेळोवेळी हे जेल ओव्हनमध्ये सुकवणे, एवढी काळजी पुरते. नमुना उघड्या हातांनी धरू नये.

पैसे न खर्चता करण्याजोगा प्रकार सूक्ष्म अशनींचा. नॉर्वेचे जॅझ संगीतकार यॉन लार्सन यांनी शहरातल्या छपरांवरच्या गाळातून तिसेक शतांश मिलिमीटरचे वैश्विक गोळे वेगळे काढले. २०१७ मध्ये ते वैज्ञानिकांनी मान्य केले. गाळ धुणे, चाळणे, चुंबकीय कण वेगळे करणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडणे ही त्याची रीत. वेल्डिंगच्या आणि फटाक्यांच्या ठिणग्यांतूनही असेच गोळे बनत असल्याने दिवाळीनंतरच्या गच्चीवर ही निवड अधिक जिकिरीची होते.

अशनी पडल्याचे कळले किंवा संशयित दगड दिसला, तर हलवण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून घ्यावी. दगड धुवू नये. स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरडा ठेवावा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे. हे पहिल्या काही दिवसांत झाले पाहिजे, कारण एका पावसातही दगडातले विरघळणारे क्षार निघून जातात आणि धातू गंजू लागतो.