ग्लासगोची न धावलेली गाडी

प्रवास आणि तिजोरी : लेखांक सहावा

१७ सप्टेंबर २००९ रोजी स्कॉटलंडचे अर्थमंत्री जॉन स्विनी एडिंबरामधल्या संसदेत पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा मसुदा मांडायला उभे राहिले. त्यांच्या निवेदनातल्या एका घोषणेने ग्लासगो शहर खवळलं. शहरापासून विमानतळापर्यंत जाणारा रेल्वेचा फाटा सरकारने रद्द केला होता. जेमतेम तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये, याच संसदेने या फाट्यासाठी स्वतंत्र विधेयक मंजूर केलं होतं, तेही ११८ विरुद्ध ८ मतांनी. काही ठिकाणी जमिनी घेऊन झाल्या होत्या, मुख्य मार्गावर काम चालू होतं. कायदा तसाच राहिला, त्यामागचा पैसा काढून घेतला गेला.

ग्लासगोचा विमानतळ शहराच्या मध्यभागापासून सुमारे १३ किलोमीटरवर, पश्चिमेला पेझली या गावाच्या कडेला आहे. (काश्मिरी शालींवरच्या कोयरीची नक्कल करून तिला युरोपभर नेणाऱ्या विणकरांचं हेच गाव. कोयरीला इंग्रजीत याच गावाचं नाव आहे.) पेझलीतून ग्लासगो सेंट्रलकडे जाणारा रेल्वेमार्ग जुना आणि गजबजलेला आहे. पेझलीच्या गिलमोर स्ट्रीट स्थानकापासून विमानतळ दोनेक किलोमीटरच दूर, पण रूळ तिथपर्यंत पोहोचत नाहीत. मुख्य मार्गाला एक छोटा फाटा जोडायचा, तो खेळाच्या मैदानावरून उंचावरून न्यायचा आणि टर्मिनलच्या दाराशी थांबवायचा, असा आराखडा होता. ताशी चार गाड्या आणि सेंट्रलपर्यंत सुमारे सोळा मिनिटं. मूळ मार्गावर आधीच गर्दी असल्यामुळे शील्ड्स जंक्शन ते आर्कल्स्टन या पट्ट्यात तिसरा रूळ टाकणं आणि सेंट्रल स्थानकात फलाट वाढवणं हेही त्याच योजनेत होतं. मंजुरीच्या वेळी खर्च वीस कोटी पौंडांच्या आसपास सांगितला जात होता. पुढे आकडा चढत गेला. फाट्याच्या वाटेत विमानांच्या इंधनाच्या टाक्यांचा तळ येत होता, तो हलवावा लागणार होता.

मग रद्द का केला? त्याचं उत्तर स्कॉटलंडच्या तिजोरीच्या रचनेत आहे, आणि ती रचना महाराष्ट्रातल्या वाचकाला सहज लक्षात येणारी नाही. आपल्याकडे राज्य सरकारं ठरलेल्या मर्यादेत कर्ज उभारतात. मुंबईच्या तिसऱ्या मेट्रोमार्गिकेच्या खर्चाचा मोठा भाग जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून आला. २००९ मधल्या स्कॉटिश सरकारला मोठ्या बांधकामासाठी कर्ज काढण्याचा अधिकारच नव्हता. लंडनहून दरवर्षी एकरकमी निधी यायचा आणि तो बार्नेट सूत्र नावाच्या हिशेबाने ठरायचा. इंग्लंडमध्ये सरकारी खर्च वाढला की त्या प्रमाणात स्कॉटलंडचा वाटा वाढायचा, तिथे कात्री लागली की इथेही लागायची. शाळा, रुग्णालयं, रस्ते, रेल्वे सगळं त्या एका रकमेत बसवायचं. २००८ च्या जागतिक आर्थिक पडझडीनंतर ती रक्कम आक्रसणार हे उघड होतं. शिवाय फोर्थच्या खाडीवरच्या जुन्या झुलत्या पुलाच्या केबल गंजल्याचं आढळल्यामुळे शेजारी नवा पूल बांधणं भाग होतं. त्यासाठी पुढच्या वर्षांतला निधी आधी उचलू द्या, ही स्कॉटलंडची विनंती लंडनच्या अर्थखात्याने मान्य केली नव्हती. (तो पूल २०१७ मध्ये १३५ कोटी पौंड खर्चून पुरा झाला.)

स्विनींची अडचण खरी होती, हे मान्य करायलाच हवं. अशा तिजोरीत कात्री फिरते तेव्हा ती आधी पडते अजून करार न झालेल्या कामावर. ग्लासगोच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या एम-७४ महामार्गाच्या वाढीव तुकड्याचा ठेका दिलेला होता, काम चालू होतं. सुमारे ६९ कोटी पौंडांचा तो रस्ता जून २०११ मध्ये खुला झाला. पूर्वेकडच्या एअरड्री-बाथगेट रेल्वेमार्गाचंही तसंच, तो २०१० च्या अखेरीस सुरू झाला. विमानतळाच्या फाट्याचं मुख्य बांधकाम मात्र सुरू झालेलं नव्हतं. मोडायला तोच सर्वांत सोपा होता. तो सर्वांत कमी गरजेचा होता, हे मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि त्या वेळी सरकारने ते सिद्ध करण्याची तसदीही पुरेशी घेतली नाही, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

या निर्णयाला मागचा एक संदर्भही होता. मे २००७ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला १२९ पैकी ४७ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ४६. एका जागेच्या आघाडीवर अल्पमतातलं सरकार आलं. या पक्षाने एडिंबरातले दोन प्रकल्प रद्द करू असं जाहीरपणे सांगितलं होतं : शहरातली ट्राम, आणि एडिंबरा विमानतळाच्या धावपट्टीखालून बोगदा काढून नेली जाणारी, ६५ कोटी पौंडांच्या घरातली रेल्वे. जून २००७ मध्ये विरोधी पक्षांनी एकत्र येऊन ८१ विरुद्ध ४७ मतांनी ट्राम वाचवली. बोगद्याच्या रेल्वेला सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालाने अडचणीत आणलं. प्रकल्पाच्या कारभारातच गोंधळ आहे, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नाही, असं त्यात म्हटलं होतं. सप्टेंबरमध्ये तिला पूर्णविराम मिळाला. ग्लासगोचा फाटा मात्र त्या वेळी याच सरकारने पुढे नेला. नोव्हेंबर २००७ मध्ये कोलंबोत २०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा ग्लासगोला मिळाल्या, तेव्हा शहराच्या दाव्यात ही विमानतळ रेल्वे नोंदवलेली होती.

दोन वर्षांनी मग ग्लासगोच्या मजूर नेत्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. राजधानीला ट्राम, आम्हाला काहीच नाही, ही भावना शहरात झपाट्याने पसरली. ट्राम खरं तर सत्ताधाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध उभी राहत होती, पण रागाच्या भरात हा बारकावा कोण पाहतो? १२ नोव्हेंबर २००९ ला ग्लासगो ईशान्य मतदारसंघात लंडनच्या संसदेसाठी पोटनिवडणूक होती. ग्लासगोवर अन्याय झाला, हा मजूर पक्षाच्या प्रचाराचा ठळक मुद्दा होता आणि त्याचा दाखला म्हणजे ही रद्द झालेली रेल्वे. मजूर उमेदवार विली बेन आठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

हा मतदारसंघ विमानतळाच्या जवळपासही नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाचा, गरिबी आणि बेकारीने गांजलेला हा भाग. त्यातल्या स्प्रिंगबर्न वस्तीत एकेकाळी नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी होती. तिथे तयार झालेली वाफेची इंजिनं भारतातल्या रेल्वेमार्गांवरही धावली. कारखाने बंद पडले, रोजगार गेला. तिथल्या किती मतदारांनी त्या फाट्यावरून विमानतळ गाठला असता? फार थोड्यांनी. तरीही मुद्दा चालला, कारण लोकांनी त्या रेल्वेकडे आपल्या शहराचा मान म्हणून पाहिलं. राजकारणात हे नेहमी घडतं आणि त्यात लोकांचं काही चुकतं असं नाही. नुकसान असं झालं, की मानापमानाच्या या वादात प्रवाशाची खरी गरज बाजूला पडली.

कारण आराखड्यात उणिवा होत्या आणि त्यांच्यावर मोकळी चर्चा व्हायला हवी होती. ग्लासगोत दोन मुख्य स्थानकं आहेत. विमानतळाची गाडी सेंट्रलला येणार होती. एडिंबरा, स्टर्लिंग, पर्थकडच्या बहुतेक गाड्या क्वीन स्ट्रीटहून सुटतात. दोन्ही स्थानकांत रूळ जोडलेले नाहीत. बॅगा घेऊन भर गर्दीच्या रस्त्यातून दहाएक मिनिटं चालायचं, मग दुसरी गाडी. पहाटेच्या स्वस्त विमानाने सहलीला जाणारं कुटुंब पहिल्या गाडीच्या आधीच विमानतळावर पोहोचलेलं असतं. विमानतळावर काम करणाऱ्यांच्या पाळ्याही अशाच अवेळी. शिवाय एम-८ महामार्ग टर्मिनलच्या शेजारून जातो आणि तो मोकळा असला की शहरात जाणारी ५०० क्रमांकाची बस रेल्वेइतकीच झटपट पोहोचते. तो तुंबला की मात्र सगळंच थांबतं. रेल्वेच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं हेच होतं, वेळेची खात्री. विमान पकडणाऱ्याला बाकी काही नको असतं.

संसदेतल्या वादात यातलं फारसं कुठे उमटलं नाही. एक बाजू म्हणाली परवडत नाही, दुसरी म्हणाली अन्याय. त्याच पैशात दोन स्थानकं जोडता आली असती का, गिलमोर स्ट्रीटपासून विमानतळापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर स्वस्तात जोडता आले असते का, हे प्रश्न ज्या क्षणी विचारायचे तो क्षण हुकला.

मागे राहिलेल्या वस्तू मात्र आजही पाहता येतात. ग्लासगो सेंट्रलच्या प्रचंड काचेच्या छताखाली, जिथे पूर्वी मोटारी उभ्या राहायच्या, तिथे २०१० मध्ये दोन नवे फलाट तयार झाले. ते विमानतळाच्या गाड्यांसाठी होते. आज तिथून दुसऱ्या मार्गांवरच्या गाड्या सुटतात. शील्ड्स ते आर्कल्स्टन तिसरा रूळही पुरा झाला आणि आयर्शायरकडे जाणाऱ्या प्रवाशांना त्याचा उपयोग होतो. हा पैसा वाया गेला नाही. जमिनीचं तसं म्हणता येत नाही. या प्रकल्पासाठी ८ लाख ४० हजार पौंडांना घेतलेली एक जागा पुढे मूळ मालकालाच ५० हजार पौंडांना परत विकली गेली. रद्द करण्याचा निर्णय म्हणजे बचत, असं अर्थसंकल्पात दिसतं. हे असे खड्डे त्या पानावर दिसत नाहीत, ते वर्षांनंतर कुठल्या तरी उत्तरातून बाहेर येतात.

२०१४ च्या जुलैमध्ये स्पर्धा झाल्या. रेल्वेवाचून झाल्या, बसगाड्यांवर भागलं. त्यांच्या आधीच्या, २०१० च्या दिल्लीतल्या स्पर्धांसाठीही विमानतळ मेट्रोचा घाट घातला होता. ती वेळेत झाली नाही, फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली. म्हणजे दोन लागोपाठच्या यजमान शहरांत खेळाडू विमानतळ रेल्वेवाचून आले आणि गेले. स्पर्धेची तारीख दाखवून रेल्वे मंजूर करून घेणं किती कच्चा आधार आहे, हे यातून दिसतं. विमानतळ त्यानंतरही रोज चालूच असतो. २०१७ मध्ये ग्लासगो विमानतळावरून ९९ लाख प्रवासी गेले-आले.

प्रश्न मिटला नव्हताच. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्र, स्कॉटलंड आणि स्थानिक पालिकांनी मिळून ११३ कोटी पौंडांचा ग्लासगो शहर करार केला. त्यात विमानतळासाठी १४ कोटी ४० लाख पौंड होते आणि या वेळी कल्पना होती ट्राम-ट्रेनची, म्हणजे रेल्वेच्या रुळांवरून येऊन शेवटच्या टप्प्यात ट्रामसारखी धावणारी गाडी. २०१९ च्या आरंभी सेंट्रल स्थानकात तिला जागा नाही, असं पुढे आलं. मग पेझलीपासून विमानतळापर्यंत छोट्या स्वयंचलित डब्यांचा विचार झाला. मग सबंध शहरासाठी क्लाइड मेट्रोचा. दर वेळी नवे सल्लागार, नवे अहवाल, नवे नकाशे.

त्याच काळात प्रेस्टविक या लहान विमानतळाला १९९४ पासून स्थानक होतं, इनव्हरनेसला २०२३ मध्ये मिळालं. एडिंबरा विमानतळाची ट्राम ३१ मे २०१४ ला धावू लागली, तीन वर्षं उशिराने आणि ७७ कोटी ६० लाख पौंड खर्चून. तिच्या खर्चाची आणि दिरंगाईची चौकशी लॉर्ड हार्डी यांनी नऊ वर्षं केली. त्यासाठी एक कोटी तीस लाख पौंड लागले. ट्रामचा खरा खर्च ८३ कोटी ५७ लाख पौंड होता, असं त्यांचा २०२३ चा अहवाल सांगतो. ट्राम झाली म्हणून सरकारी पैशाची एवढी कसून झाडाझडती झाली. न झालेल्या ग्लासगोच्या फाट्याची कोणी अशी चौकशी केली नाही. केली असती तर क्लाइड मेट्रोच्या आखणीत ती हाताशी आली असती.

क्लाइड मेट्रोच्या गुंतवणुकीचा अभ्यास स्ट्रॅथक्लाइड पार्टनरशिप फॉर ट्रान्सपोर्ट ही संस्था पुढे नेते आहे. २००६ चं विमानतळ विधेयक याच संस्थेने संसदेपुढे आणलं होतं. तिच्या दप्तरात जुने प्रवासी-अंदाज, जमिनीचे व्यवहार, इंधनतळ हलवण्याचे खर्च हे सगळं असणार. ते लोकांपुढे मांडून मग नव्या मार्गाचं गणित करावं, ही अपेक्षा ग्लासगोच्या करदात्याने ठेवली तर ती वाजवीच आहे.

(पुढील लेखांकात : दिल्ली विमानतळ मेट्रो, खासगी भागीदाराची माघार आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला हिशेब.)