जीर्णोद्धाराआधीची नोंद

वास्तू पाहावयाची तर तिच्या उंबऱ्यापर्यंत पायांनी चालत जावे लागते, हा आजवरचा शिरस्ता होता. तो आता मोडला आहे. चहूदिशांचे दृश्य एकाच वेळी टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली 360 अंशांची चित्रफीत डोळ्यांवर चढविण्याच्या उपकरणातून पाहिली, की इंदूर वा बडोद्यास बसलेल्या गोमंतकीयाला आपल्या कुलदेवतेच्या सभामंडपात उभे राहिल्याचा भास होतो. तो मान वळवील तिकडचा खांब त्याला दिसतो. पर्यटन व्यवसायाला या साधनाची मोहिनी पडावी, यात नवल नाही. आमच्या मते मात्र गोमंतकाला त्याचा खरा उपयोग आहे तो नोंदीसाठी.

या नोंदीचे मोल पॅरिसने अनुभवले आहे. 15 एप्रिल 2019 रोजी तेथील नोत्र दाम या प्रार्थनामंदिरास आग लागली आणि ओक लाकडाचे मध्ययुगीन छत जळून कोसळले. त्याच्या नऊ वर्षे आधी, 2010 मध्ये, अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने लेसर यंत्राने त्या वास्तूचे मोजमाप घेतले होते. हे यंत्र किरण सोडते आणि भिंतीवरून परतलेल्या किरणावरून अंतर काढते. पन्नासांहून अधिक ठिकाणी यंत्र मांडून टॅलन यांनी एक अब्जाहून अधिक बिंदू नोंदविले. छताच्या लाकडी सांगाड्याची मापे दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी 2014 मध्ये घेऊन ठेवली होती. टॅलन 2018 मध्ये निवर्तले; आग त्यांनी पाहिली नाही. डिसेंबर 2024 मध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. पैसा लागला, सुतारांचे कसब लागले. परंतु जे गेले ते नेमके कसे होते, हे सांगणारा कागद हाताशी होता.

आमच्या पूर्वजांच्या हाताशी असा कागद नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतील देवालये पाडली. भाविकांनी जिवावर उदार होऊन श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास, तर श्रीशांतादुर्गेला केळशीहून कवळ्यास नेले. देव वाचले, देवळे गेली. आणि ती मूळ देवळे कशी होती, हे आज आपण मुलांना दाखवू शकत नाही. उलट उदाहरणही गोमंतकातलेच आहे. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव जाणार हे ठरले, तेव्हा तेथील प्राचीन महादेव मंदिराच्या दगडांवर क्रमांक घालून ते सुटे करण्यात आले आणि धरणाजवळ पुन्हा रचण्यात आले. दगडावरचा तो क्रमांक हीच नोंद होती. तिच्यामुळेच मंदिर उरले.

आज आमच्या देवालयांवर परक्यांचा घण पडत नाही. तो आपल्याच हातून, आणि तोही भक्तिभावाने पडतो. जीर्णोद्धार म्हटला की कोरीव लाकडी खांबांच्या जागी सिमेंट येते, जुन्या फरशीवर संगमरवर चढतो. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर देऊन तो कौशल्याने खरवडत काढलेली कावी चित्रे भिंतीबरोबर मातीला मिळतात. महाजनांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. गळके छप्पर बदलावेच लागते, वाढत्या भाविकांना जागाही लागते. प्रश्न एवढाच आहे, की जे पाडावयाचे ते पाडण्यापूर्वी आपण डोळे भरून पाहिले काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणत्याही देवस्थानाने जीर्णोद्धाराची पहिली कुदळ मारण्यापूर्वी दीपस्तंभापासून अग्रशाळेपर्यंत संपूर्ण वास्तूची चित्रफीत घ्यावी आणि मोजमापही करून घ्यावे. चित्रफीत रूप दाखविते, पण सुताराला लागणारे माप सांगत नाही, दोन्ही हवीत. गावातील वृद्धांकडून कोणता खांब कोणी दिला, कोणत्या उत्सवात पालखी कोठे थांबते, हे वदवून घेऊन त्याच चित्रफितीला जोडावे. गर्भागाराच्या मर्यादा पाळाव्यात. तेथे कॅमेरा नको असे देवस्थान म्हणत असेल, तर तो उंबऱ्याबाहेरच थांबावा. एक प्रत देवस्थानात, एक सरकारी पुराभिलेखागारात असावी, आणि साधने बदलतील तशी ती नव्या साधनावर उतरवून घ्यावी. लाखोंच्या जीर्णोद्धारात हा खर्च कोणालाही जड होऊ नये.

चित्रफितीत चिऱ्याचा ओलावा नाही, कापराचा वास नाही, घंटेच्या नादाने अंगावर उठणारा काटा नाही. दर्शनाची जागा ती घेणार नाही आणि घेऊही नये. कुशस्थळीचे देऊळ राखणे आपल्या पूर्वजांच्या हाती नव्हते. आपल्या गावच्या देवळाची नोंद ठेवणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. ती न ठेवता आपण भिंत पाडली, तर पुढील पिढीला उत्तर देताना पोर्तुगिजांकडे बोट दाखविता येणार नाही.