ओ म्हणजे किती?

२०१२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहिल्या वर्षाचे निकाल लागले होते आणि एका विद्यार्थिनीचे वडील तिची मार्कलिस्ट घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे होते. त्यांनी घडी जपून उलगडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "सर, इथे अठ्ठ्याहत्तर लिहिलंय. मग पुढे भोपळा कसा?"

तो भोपळा नव्हता, इंग्रजी ‘ओ’ होता. आउटस्टँडिंगमधला. समजावून सांगितल्यावर ते हसले, पण जाताजाता विचारलंच, "म्हणजे डिस्टिंक्शन ना?"

त्यांचं काय चुकलं? १८५७ साली लंडनच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या मुंबई विद्यापीठात आमच्या पिढीपर्यंत सगळा भरवसा वर्षाखेरच्या पेपरावर होता आणि निकालाची भाषा होती क्लासची. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास. एम. ए.ला पंचावन्न मिळाले तर प्राध्यापकी, चोपन्न मिळाले तर क्लासेसची नोकरी. मराठीने तर या रेषेखालच्या दुःखाला अंकांतच जागा करून ठेवली आहे: एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. एक कमी पडला हे आकड्याचं नावच सांगतं. पेपर तपासताना बेरीज एकोणसाठ आली की मी पान उलटून पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जायचो, कुठे अर्धा-अर्धा सांडलाय का बघायला. बहुतेक वेळा सापडायचा. बासष्टवाल्याचा पेपर असा दोनदा कधी वाचला नाही, हेही कबूल करतो.

श्रेणी आणायचं कारण हेच होतं. एकोणसाठ आणि साठ यांत विद्वत्तेचा काय फरक? मग एकेका मार्कावरून मुलं तोलण्याऐवजी त्यांना पट्ट्यांत बसवावं. विचार चांगला होता. २०११-१२ पासून पदवीला सत्र, श्रेयांक आणि सात अंकी श्रेणी आली: सत्तरला ओ, साठला ए, पंचावन्नला बी, असं उतरत चाळीसला ई, त्याखाली एफ. पण पट्टी म्हटली की तिला कडा आलीच, आणि मोजक्या कडांच्या जागी सहा कडा झाल्या. एकोणवाले वाढले.

खरी गंमत मात्र आतल्या मार्कांची. पेपर साठचा, आणि चाळीस आमच्या हातात. त्यातले २० चाचणीचे, १० असाइनमेंटचे, ५ वर्गातल्या सहभागाचे आणि उरलेले ५ जबाबदार वागणूक, बोलण्याची रीत व नेतृत्वगुण यांचे. एकशेवीस मुलांच्या वर्गात नेतृत्व मोजायचं कशाने? मी सरसकट चार दिले. वर्षभर तोंड न उघडणाऱ्यालाही दिले. गप्प बसणं ही बेजबाबदार वागणूक आहे असं नियमात कुठे लिहिलं नव्हतं.

असाइनमेंट फुलस्केपवर, समास आखून, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये यायच्या. एका वर्षी ‘मागणीची लवचिकता’ या विषयावरच्या साठेक फोल्डरांत तिसऱ्या पानावर ‘लवचिता’ असाच शब्द होता. मूळ प्रत कुणाची ते शोधायचं मी मनावर घेतलं. वर्गातल्या कुणाचीच नव्हती, ती मागच्या वर्षीची होती. अक्षर सुंदर, फोल्डर नवे, आकृत्या स्केलपट्टीने काढलेल्या. दहापैकी आठ दिले. चाळीसात सोळा वेगळे मिळवावे लागत. त्याखाली कुणाला टाकलं तर त्याची फेरचाचणी, तिचं वेळापत्रक, तिचा वेगळा तक्ता हे सगळं आपल्याच गळ्यात. त्यामुळे आत कुणी गचकतच नसे. आतून छत्तीस घेऊन आलेल्या पोराला साठातले चौतीस मिळाले की सत्तर. ओ. नुसत्या पेपरावर पाहिलं तर ते सत्तावन्न टक्के होतात, म्हणजे जुना सेकंड क्लास.

पवईच्या आयआयटीत अक्षरं आमच्या कितीतरी आधीपासून होती. एए, एबी, बीबी करत डीडीपर्यंत, आणि नापासाला एफआर. पण तिथे वर्गातले मार्क कसे पसरलेत ते बघून शिक्षक रेषा ओढतो. आमच्याकडे रेषा परिपत्रकात, तीही दर काही वर्षांनी सरकणारी.

कारण २०१४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी दहा अंकी श्रेणी सुचवली. ओ म्हणजे दहा, ए प्लस नऊ, ए आठ, अशी. अक्षरं आणि अंक ठरले, पण कुठल्या अक्षरामागे किती टक्के ते विद्यापीठांवर सोडलं. मला विचाराल तर सगळं तिथेच फसलं. नोटा सगळीकडे सारख्या छापायच्या आणि किंमत ज्याने त्याने लावायची. मुंबईत २०१६-१७ च्या सुमारास ओ ऐंशीला गेला, सत्तरला ए प्लस राहिला. साठचा ए साठलाच, फक्त सातातल्या सहाचा दहातला आठ झाला. चारही पेपरांत एकोणऐंशी मिळवणाऱ्या मुलीचे सरासरी अंक नऊ. ऐंशी, ऐंशी, सत्तर, सत्तर मिळवणाऱ्याचे साडेनऊ. तिच्यापेक्षा सोळा मार्क कमी, आणि गुणवत्ता यादीत वर! तिला हे समजावताना मी आकडेमोड दोनदा करून दाखवली. ती म्हणाली, "गणित कळलं सर." पुढे काही बोलली नाही.

जुन्या सात अंकीवाल्यांचे हाल वेगळे. एका विद्यार्थ्याला मुलाखतीत ५.८ बघून "इतके कमी?" असं विचारलं गेलं. समोरच्याला ते दहापैकी वाटले होते. आणि नोकरीच्या अर्जांतला ‘टक्केवारी’ हा रकाना तर या सगळ्या काळात कुणी पुसलाच नाही. मुलं अक्षराचे अंक, अंकांचे टक्के करत बसायची, आणि सूत्र विद्यापीठागणिक वेगळं.

करोनाच्या वर्षाबद्दल काय बोलायचं. घरबसल्या, पर्याय निवडण्याची परीक्षा. ओची पेरणी झाली म्हणा.

२०२४-२५ मध्ये नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आलं. मधे गेलेलं साठ-चाळीस पुन्हा आलं. ओ मात्र आता नव्वदला. ए प्लस ऐंशीला, ए सत्तरला, आणि ज्या साठला दोन्ही खेपांत ए होता तिथे बी प्लस. मी तोवर निवृत्त झालो होतो.

गेल्या वर्षी भाजी मंडईत तेच गृहस्थ भेटले. पुतणी पहिल्या वर्षाला आहे म्हणाले. मोबाइलवर तिचा निकाल दाखवला. एका विषयात अठ्ठ्याहत्तर, ए.

"आमच्या मुलीला याच मार्कांना भोपळा होता," ते म्हणाले. "मग हिला कमी पडले की जास्त?"

"सारखेच."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि मेथीच्या जुडीचा भाव विचारला.